दावा खर्चासह रद्द

२१ फेब्रुवारी १९१९ रोजी लंडनच्या हायकोर्टात ज्यूरीने सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या बाजूने कौल दिला आणि बाळ गंगाधर टिळकांचा अब्रुनुकसानीचा दावा खर्चासह रद्द झाला. वादीचे वय बासष्ट. मधुमेह जुना. सहा वर्षांची मंडालेची शिक्षा भोगून झालेली. निकालातला खर्चाचा भाग वर्तमानपत्रे सहसा एका ओळीत उरकतात. टिळकांना ती एक ओळ, स्वतःच्या वकिलांची बिले धरून, सुमारे तीन लाख रुपयांना पडली.

तीन लाख म्हणजे किती, याचा अंदाज त्यांच्याच जुन्या संस्थेवरून येतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद महिना पंचाहत्तर रुपयांवर शिकवत. त्या पगारावर तीन लाख मिळवायला एका प्राध्यापकाला तीनशे तेहतीस वर्षे शिकवावे लागले असते. त्या वेळच्या हुंडणावळीच्या दराने ही रक्कम वीस हजार पौंडांच्या पुढे जाते.

टिळकांकडे एवढा पैसा नव्हता. १८७९ मध्ये ते एल्‌एल. बी. झाले, पण वकिली त्यांनी केली नाही. पुढे पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी क्लास मात्र चालवला आणि त्यावर घर चालवले. कायदा ते शिकवत, कोर्टाचा खर्च कसा वाढत जातो हेही त्यांना पक्के ठाऊक. तरीही एकूण हयातीत त्यांनी कोर्टाच्या जितक्या पायऱ्या झिजवल्या, तितक्या त्यांच्या क्लासातून निघालेल्या एखाद्या बेताच्या वकिलानेही झिजवल्या नसतील. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. टिळकांना निम्म्या वेळा ती सरकारने चढायला लावली, उरलेल्या निम्म्या वेळा ते आपणहून चढले. प्रत्येक वेळी बिल आले आणि प्रत्येक वेळी ते भरायला वेगळीच माणसे पुढे झाली.

पहिली वेळ १८८२ ची. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे, आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, अशा आशयाचा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'ने छापला. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. बर्व्यांनी फिर्याद केली. टिळक आणि आगरकर तेव्हा पंचविशीच्या आसपासचे शाळामास्तर, दोघांच्या खिशात मिळून खटला लढवण्याइतके पैसे नव्हते. जामिनाची रक्कम दहा हजारांची होती आणि ती घेऊन उभे राहिले रामशेट उरवणे. उरवणे जोतीराव फुल्यांच्या वर्तुळातले, आणि त्यांना पुढे केले ते फुल्यांनीच. 'केसरी'चा कंपू आणि सत्यशोधक यांच्यात पुढे जे वितुष्ट आले ते माहीत असलेल्या वाचकाला हे नाव इथे पाहून थांबावेसे वाटते. विद्यार्थ्यांनी नाटकाचे प्रयोग करून खटल्यासाठी पैसे जमवले. शिक्षा चार महिन्यांची झाली, डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले, तेव्हा त्यांच्या सत्काराच्या खटपटीतही फुले होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. उरवण्यांवर कोणी लिहिले नाही.

जामीनदार हा कोर्टाच्या खर्चातला सगळ्यात दुर्लक्षित माणूस. त्याचा पैसा बहुधा परत मिळतो, म्हणून हिशेबात तो दिसत नाही. पण आरोपी फरार झाला तर बुडायचे ते त्याने, आणि राजद्रोहाच्या खटल्यात तर त्याचे नाव पोलिसांच्या वहीत चढते ते कायमचे. १८९७ मध्ये पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्या खुनानंतर टिळकांना 'केसरी'तल्या लेखनाबद्दल पकडले, तेव्हा खालच्या कोर्टांनी जामीन नाकारला. ४ ऑगस्टला हायकोर्टात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो मंजूर केला. टिळकांचा जातमुचलका पन्नास हजारांचा, शिवाय पंचवीस-पंचवीस हजारांचे दोन जामीनदार. त्यातले एक द्वारकादास धरमसी, मुंबईचे गिरणीमालक. अर्ज चालवला होता बॅरिस्टर दिनशा दावर यांनी. अकरा वर्षांनी हेच दावर न्यायासनावर बसून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा देणार होते.

त्या खटल्याचा पैसा मोठ्या प्रमाणात बंगालमधून आला. मुंबईत सरकारविरुद्ध उभा राहील असा नावाजलेला युरोपियन बॅरिस्टर मिळणे कठीण, म्हणून कलकत्त्याहून प्यू आणि गार्थ हे दोघे आणले गेले. कलकत्त्यातल्या वर्गणीच्या खटपटीत रवींद्रनाथ ठाकूरही होते. मुंबई इलाख्याबाहेर फारसे कोणी ज्याला पाहिले नव्हते, अशा एका मराठी संपादकाच्या वकिलाची फी कलकत्त्याच्या माणसांनी द्यावी, ही त्या काळी नवी गोष्ट होती. काँग्रेस बारा वर्षांची झाली होती, पण तिची वर्गणी प्रतिनिधींच्या फीपुरती. कोर्टाच्या बिलाने जे एकत्र आणले ते ठरावांनी आणले नव्हते. सहा युरोपियन ज्यूरर विरुद्ध तीन हिंदी अशा मतांनी टिळक दोषी ठरले, दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलात अपिलाची परवानगी मागायला त्यांच्यातर्फे उभे राहिले हर्बर्ट ॲस्क्विथ, पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले. परवानगी मिळाली नाही. फी अर्थातच द्यावी लागली.

जामिनावर सुटून तीन दिवसही झाले नव्हते तोच टिळकांच्या गळ्यात दुसरी एक गोष्ट पडली, आणि ती त्यांना मरेपर्यंत सुटली नाही. ७ ऑगस्ट १८९७ रोजी पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित पटकीने वारले. मरताना त्यांनी मृत्युपत्र केले आणि विश्वस्तांत टिळकांचे नाव घातले. दादासाहेब खापर्डेही विश्वस्त होते. इस्टेट मोठी आणि कर्जात बुडालेली. मागे तरुण विधवा, ताई महाराज. नंतर मुलगा झाला, पण दोन महिन्यांत गेला, आणि दत्तकाचा प्रश्न आला. जून १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले असे विश्वस्तांचे म्हणणे. ते झालेच नाही, असे ताई महाराजांचे. त्यांनी त्याच वर्षी कोल्हापूरच्या बाजूने दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि विश्वस्तांना दिलेले प्रोबेट रद्द करावे म्हणून पुण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केला.

इथून पुढे या प्रकरणाला इतके फाटे फुटले की ते सरळ सांगणे अवघड आहे. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ च्या एप्रिलमध्ये प्रोबेट रद्द केलेच, वर टिळकांवर खोटी साक्ष, खोटे दस्तऐवज वगैरे आरोपांखाली फौजदारी चालवावी असा हुकूम केला. म्हणजे विश्वस्त म्हणून गेलेला माणूस आरोपी म्हणून बाहेर आला. खास मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांच्यापुढे खटला चालला आणि ऑगस्ट १९०३ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी व हजार रुपये दंड झाला. सेशन्स कोर्टाने शिक्षा सहा महिन्यांवर आणली. टिळकांच्या हातात बेड्या पडल्या, येरवड्यात काही दिवस गेले. मार्च १९०४ मध्ये हायकोर्टाने त्यांना पूर्ण निर्दोष ठरवले. तोपर्यंत ताई महाराजही वारल्या होत्या.

खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर विश्वस्ताची जागा मोठी विचित्र असते. इस्टेटीच्या भल्यासाठी केलेला योग्य खर्च त्याला इस्टेटीतून मिळतो. पण 'योग्य' काय हे शेवटी कोर्ट ठरवणार, आणि तोवर गाठचे घालायचे. फौजदारीतला बचाव तर सर्वस्वी आपला. टिळकांना विश्वस्तपणाची दमडी मिळणार नव्हती. मित्राला दिलेला शब्द, आणि एकदा खोटेपणाचा आळ आल्यावर तो पुसून काढण्याची जिद्द, एवढ्यावर त्यांनी हे वीस वर्षे ओढले. इस्टेटीचे तर विचारूच नका. कर्जातून इस्टेट सोडवण्यासाठी नेमलेले विश्वस्त आणि तिच्या मालकीवरून भांडणारे दोन्ही पक्ष मिळून तिलाच जाळत होते. आणि ताई महाराजांच्या बाजूने फारसे कोणी लिहिलेले नाही. तरुणपणी विधवा झालेली, मूल गमावलेली बाई, जिच्या घरातल्या बोलण्याची उलटतपासणी वर्षभर छापून येत राहिली. त्यांना कोणाचा पाठिंबा होता आणि त्यांचा कोणी वापर केला का, यावर वाद घालता येईल. किंमत त्यांनीही मोजली हे मान्य करायला हरकत नसावी.

दिवाणी बाजू वेगळीच चालू राहिली. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टात टिळक जिंकले. १९१० मध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरवला, तेव्हा टिळक मंडालेत होते. भाचे धोंडोपंत विद्वांस भेटीला जात, त्यांच्यापाशी आणि पत्रांतून ते प्रिव्ही कौन्सिलच्या अपिलाच्या सूचना देत. २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल रद्द केला, औरंगाबादचे दत्तविधान खरे मानले. हा विजय टिळकांना महागात पडला असे मला वाटते. कसे, ते पुढे येईलच.

१९०८ चा राजद्रोहाचा खटला सर्वांना पाठ आहे, त्यावर थोडक्यातच. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, एकवीस तास दहा मिनिटे बोलले. यात तत्त्व होते आणि वकिलाची फीही वाचली. पण त्या खटल्याचा एक खर्च कुठल्याच हिशेबात नाही. शिक्षा झाल्यावर खापर्डे अमरावतीची चांगली चाललेली वकिली टाकून विलायतेला गेले आणि टिळकांच्या अपिलासाठी दोन वर्षे तिथे राहिले. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली, तरी दुसरे काही जमते का ते बघत थांबले. बुडालेल्या दोन वर्षांच्या वकिलीचे बिल खापर्ड्यांनी कोणाकडे पाठवले नाही.

१९१६ चा जुलै तर गमतीचाच म्हणायचा. २३ तारखेला टिळकांची साठी. पुण्यात समारंभ, लोकांनी जमवलेली एक लाखाची थैली. त्याच दिवशी सरकारने चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली, जातमुचलका वीस हजारांचा आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. टिळकांनी थैली स्वतःसाठी ठेवली नाही, राष्ट्रकार्याला दिली. हमीचा हुकूम नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने रद्द केला, वकील होते बॅरिस्टर जिना. या खेपेला कोर्टाचा खर्च सार्थकी लागला.

आता चिरोल. हे गृहस्थ लंडनच्या 'टाइम्स'चे परराष्ट्र विभागाचे प्रमुख राहिलेले. हिंदुस्थानातल्या असंतोषावर त्यांनी 'टाइम्स'मध्ये लेखमाला लिहिली, तिचे पुस्तक १९१० मध्ये मॅकमिलन कंपनीने काढले. टिळकांना 'असंतोषाचे जनक' म्हणणारे ते हेच. ते विशेषण मराठी माणसाने इतक्या अभिमानाने उचलले की मुळात तो आरोप होता हे विसरले गेले. पुस्तकात रँड आणि नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनांचा धागा टिळकांच्या लेखनाशी जोडला होता, गोरक्षणाच्या चळवळीवरून आरोप होता, तालमींच्या नावाने पैसे उकळल्याचा होता, आणि ताई महाराज प्रकरणावरून टिळक अप्रामाणिक माणूस आहेत असे सुचवले होते. पुस्तक निघाले तेव्हा टिळक मंडालेत. सुटका १९१४ च्या जूनमध्ये झाली, पुढच्या वर्षी प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागला आणि त्याच वर्षी त्यांनी चिरोल आणि मॅकमिलनविरुद्ध पाऊल उचलले.

दावा इंग्लंडमध्येच का? पुस्तक तिथे छापले, लेखक तिथला, हे एक. हिंदुस्थानातल्या कोर्टांबद्दलचा अनुभव, हे दुसरे. तिसरे, लंडनच्या कोर्टात हिंदुस्थानची बाजू मांडली जाईल आणि इंग्रज लोक ती वाचतील, हा हिशेब. या सगळ्यामागे १९१५ च्या निकालाने वाढलेला भरवसा होता. तो विजय महागात पडला असे मी वर म्हणालो ते याचसाठी. प्रिव्ही कौन्सिलात मुरब्बी न्यायाधीश छापील कागद वाचतात, साक्षीदाराचे तोंड बघत नाहीत. लंडनची ज्यूरी म्हणजे लढाईतून नुकतीच बाहेर पडलेली इंग्रज माणसे, आणि समोर राजद्रोहाखाली दोनदा शिक्षा झालेला हिंदी पुढारी. कायदा शिकवलेल्या माणसाला हा फरक दिसायला हवा होता. अब्रुनुकसानीच्या दाव्यात वादीच आरोपी होऊन बसतो, हे तर त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले असणार.

महायुद्धामुळे प्रकरण रेंगाळले. साक्षीदारांना पाणबुड्यांच्या समुद्रातून नेता येईना म्हणून हिंदुस्थानात कमिशनवर साक्षी झाल्या. 'केसरी'चे वर्षानुवर्षांचे अंक धुंडाळायचे, लेखांचे इंग्रजी भाषांतर करायचे, त्या भाषांतरांवर वाद घालायचे, सगळे छापायचे, विलायतेला पाठवायचे. सुनावणीचा पहिला दिवस उजाडण्याआधीच हजारो रुपये कागदावर गेले. १९१८ च्या सप्टेंबरमध्ये टिळकांना एकदाचा पासपोर्ट मिळाला, ऑक्टोबरअखेर ते लंडनला पोहोचले.

तिथला खर्चाचा रिवाज आपल्या कोर्टांहून निराळा होता. इथे वादी दाराशीच स्टॅम्प भरतो, रकमेच्या दाव्यात मागणीच्या मानाने. तिथे तेव्हा स्टॅम्प किरकोळ, माणसे महाग. पक्षकाराला थेट बॅरिस्टरकडे जाता येत नसे, आधी सॉलिसिटर गाठावा लागे. सॉलिसिटरचे बिल वेगळे, त्यात प्रत्येक पत्राचे, प्रत्येक भेटीचे पैसे. मोठा बॅरिस्टर, म्हणजे किंग्ज कौन्सेल, एकटा उभा राहत नसे, त्याच्याबरोबर ज्युनिअर घ्यावा लागे, आणि ज्युनिअरला सीनिअरच्या दोन-तृतीयांश फी देण्याचा प्रघात होता. प्रकरण हाती घेण्याची फी एकदा, नंतर सुनावणीच्या प्रत्येक दिवसाचा 'रिफ्रेशर' वेगळा. सुनावणी लांबली की वकिलाचे बिघडत नाही. हरलेल्याने जिंकलेल्याच्या वकिलांचेही द्यायचे, फक्त कोर्टाचा अधिकारी त्यातला वाजवी भाग ठरवून देतो, आणि तो कापतो ते जिंकणाऱ्याच्या अंगावर राहते. म्हणजे जिंकले तरी खिशाला चाट, हरले तर दोन्हीकडची.

टिळकांनी सर जॉन सायमन यांना घेतले. माजी ॲटर्नी जनरल, माजी गृहमंत्री, इंग्लंडमधल्या सगळ्यात महाग वकिलांपैकी एक. नऊ वर्षांनी ज्यांना 'परत जा' म्हणून हिंदुस्थानभर काळे झेंडे दाखवले गेले ते सायमन हेच. चिरोलकडून उभे राहिले सर एडवर्ड कार्सन. कार्सनचा इतिहास मोठा बोलका. आयर्लंडला होमरूल मिळू नये म्हणून अल्स्टरमध्ये लोकांना हत्यारांनिशी उभे करणारा हा पुढारी होमरूल लीगच्या टिळकांना विचारणार, की तुमच्या लिखाणाने हिंसा वाढली की नाही. उलटतपासणीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डने बदनामीची फिर्याद केली होती, तेव्हाही समोर कार्सनच होता. वाइल्ड फिर्यादी म्हणून कोर्टात गेला आणि अखेर आरोपी झाला. प्रतिपक्षाच्या सहाशे-सातशे पौंडांच्या खर्चापायी त्याच्या घरातल्या सामानाचा लिलाव झाला आणि तो दिवाळखोर ठरला. हे उदाहरण लंडनमध्ये चोवीस वर्षे ताजे होते.

२९ जानेवारी १९१९ ला सुनावणी सुरू झाली. न्यायमूर्ती डार्लिंग कोर्टात विनोद करण्याबद्दल प्रसिद्ध. कार्सनने 'केसरी'चे जुने लेख काढले, १८९७ चे, १९०८ चे, आणि टिळकांना एकेका वाक्यावर धरले. ताई महाराज प्रकरण पुन्हा उकरले. टिळक हुशारीने उत्तरे देत होते, पण पुण्याच्या वाचकासाठी लिहिलेले लेख लंडनच्या ज्यूरीला समजावणे कोणालाच जमले नसते. न्यायाधीशांनी केलेला समारोप वादीच्या विरुद्ध झुकला होता. दिल्लीत रौलट कायद्याची बिले याच दिवसांत पुढे सरकत होती. ज्यूरीला वेगळे काही ठरवायला फारसे कारण नव्हते.

आता दुसऱ्या पक्षाचा खर्च कोणी केला ते पाहू. चिरोल आणि मॅकमिलन यांच्यामागे पैशाचे बळ होतेच. शिवाय मुंबई सरकार. सरकारने आपली दफ्तरे चिरोलसाठी खुली केली आणि मदतीला एक आय. सी. एस. अधिकारी खास कामगिरीवर दिला. एका खाजगी लेखकावरचा खाजगी दावा, त्यात सरकारी अधिकाऱ्याचे श्रम. त्याचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसाऱ्यातून आणि मिठावरच्या करातून. टिळकांच्या निधीला रुपया देणाऱ्या सोलापूरच्या विणकराने किंवा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने या दाव्यात दोन्हीकडून पैसे भरले. टिळकांच्या बाजूने राजीखुशीने, चिरोलच्या बाजूने कराच्या पावतीवर. खर्चाच्या हुकुमात हरणाऱ्याकडून जिंकणाऱ्याला पैसे देवविले जातात. सरकारच्या या मदतीचा भरणा कोणी करायचा, याबद्दल कुठल्याच हुकुमात काही नसते.

टिळक नोव्हेंबर १९१९ मध्ये परतले. त्यांच्यासाठी निधी जमवायला त्याआधीच सुरुवात झाली होती. १९२० च्या मे महिन्यात पुण्यात गायकवाड वाड्यात सुमारे तीन लाखांची थैली त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. साठीची थैली त्यांनी राष्ट्रकार्याला देऊन टाकली होती, ही स्वतःसाठी घ्यावी लागली. एक प्रश्न मात्र रास्त आहे, आणि तो त्यांच्या टीकाकारांचाच होता असे नव्हे. स्वतःच्या अब्रूसाठी लावलेल्या दाव्याचा खर्च लोकांनी का भरावा? याला एक सरळ उत्तर देता येत नाही. चिरोलचा आरोप एका माणसावर होता हे खरे, पण स्वराज्य मागणारी सगळी चळवळ खुनशी आहे हा त्यातला खरा मुद्दा होता, आणि दाव्यात तोच लढला गेला. दुसरीकडे, टिळकांनी दावा लावला नसता तर चिरोलचे पुस्तक एव्हाना ग्रंथालयाच्या धुळीत गेले असते. तीन लाखांत किती शाळा चालल्या असत्या, याचा हिशेब कोणी मांडला तर त्याला खोडून काढता येणार नाही. लोकांनी तो हिशेब मांडला नाही. त्यांनी रुपये दिले. १८८२ मध्ये विद्यार्थ्यांनी नाटकाची तिकिटे विकून जमवलेल्या रकमेपासून इथपर्यंत येताना वर्गणी देण्याची एक सवय तयार झाली होती, आणि ती सवय बव्हंशी टिळकांच्या खटल्यांनी लावली होती.

जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईला गेले ते ताई महाराज प्रकरणाच्याच कामासाठी. मुक्काम सरदारगृहात. त्या प्रकरणातला अखेरचा निकाल त्यांच्या बाजूने लागल्याची बातमी त्यांना तिथे कळली. मागून हिवतापाने घेरले आणि १ ऑगस्टला ते गेले. त्याच तारखेपासून गांधींचे असहकाराचे आंदोलन सुरू झाले. त्याच्या कार्यक्रमात सरकारी कोर्टांवर बहिष्कार आणि वकिलांनी वकिली सोडावी, ही कलमे होती. पुढच्या वर्षी टिळकांच्या नावाने स्वराज्य फंड काढला, लक्ष्य एक कोटीचे, मुदत ३० जूनची, आणि कोटी जमले. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी त्यासाठी एक लाख दिले. ते वकिली सोडलेल्या वकिलांच्या पोटापाण्यासाठी होते.